हलक्या लिनक्सवर ब्राउझरची प्लगइन्स आणि एक्स्टेन्शन्स बसवताना

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून झाले, वाय-फाय जोडले गेले, ब्राउझर उघडला आणि एखाद्या साइटने ‘आवश्यक प्लगइन सापडले नाही’ असे सांगितले, की नवा वापरकर्ता बहुधा त्या संदेशाखालचेच डाउनलोडचे बटण दाबतो. नेमके तेच करू नये, यासाठी हा लेख आहे. गेल्या काही वर्षांत नाशिकमधल्या ओळखीच्या घरांतले बरेच जुने संगणक मी हलक्या लिनक्सवर आणून दिले. त्यांत इंदिरानगरमधल्या शेजाऱ्यांच्या मुलीचा २ जीबी रॅमचा लॅपटॉप होता, ज्यावर तिला मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी व्याख्यानांचे व्हिडिओ पाहायचे होते. आणि निफाडजवळ राहणाऱ्या माझ्या मामांचा डेस्कटॉप होता, ज्यावर त्यांना रोज लासलगावचे कांद्याचे भाव आणि अधूनमधून सातबारा एवढेच पाहायचे असते. दोन्हीकडे तक्रार एकच होती, ‘प्लगइन बसत नाही’. कारणे मात्र पूर्णपणे निराळी निघाली. म्हणून बसवण्याच्या पायऱ्यांआधी निदानाला थोडा वेळ देणे भाग आहे.

पुढे मेनूंची आणि पॅकेजांची नावे देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती रोमन अक्षरांत दिसतील आणि शोधतानाही तशीच टाइप करावी लागतील.

प्लगइन म्हणताना आपल्याला नक्की काय हवे आहे?

बोलताना आपण सगळ्यालाच प्लगइन म्हणतो, पण या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्या बसवण्याचे मार्गही चार आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे जुन्या अर्थाचे खरे प्लगइन: फ्लॅश, जावा ॲपलेट, सिल्व्हरलाइट यांसारखी, ब्राउझरच्या आत घुसून चालणारी स्वतंत्र सॉफ्टवेअर. ही आता इतिहासजमा झाली आहेत. लिनक्सवरच्या क्रोमने या प्रकारच्या प्लगइनचा आधार २०१४मध्येच काढून टाकला, फायरफॉक्सने मार्च २०१७मधल्या ५२व्या आवृत्तीत फक्त फ्लॅशचा अपवाद ठेवून बाकीची बंद केली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशही थांबवले. त्यामुळे आज कोणतीही साइट ‘फ्लॅश प्लेअर अपडेट करा’ असे म्हणत असेल, तर एक तर ती अनेक वर्षे कोणी हात न लावलेली आहे किंवा ती आपल्याला फसवत आहे. दोन्ही परिस्थितींत काहीही डाउनलोड न करता टॅब बंद करावा.

दुसरी गोष्ट एक्स्टेन्शन. जाहिराती रोखणारी, पासवर्ड सांभाळणारी, पानाचा रंग गडद करणारी ही छोटी साधने ब्राउझरने आखून दिलेल्या चौकटीत चालतात, आणि नव्या वापरकर्त्याला बहुतेक वेळा हीच हवी असतात. तिसरी गोष्ट व्हिडिओ उलगडणारे कोडेक आणि सशुल्क चित्रपट दाखवण्यासाठी लागणारे डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणाऱ्या कुलपाचे, मॉड्यूल. फायरफॉक्स यांतले काही भाग आजही ‘प्लगइन्स’ या शीर्षकाखालीच दाखवतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. चौथी गोष्ट ब्राउझरच्या बाहेर, थेट लिनक्समध्ये बसवावे लागणारे साहाय्यक सॉफ्टवेअर. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरणाऱ्यांना ते लागते आणि टोकन देणाऱ्या संस्थेकडूनच, लिनक्ससाठीची आवृत्ती मागून घ्यावे लागते. विंडोजसाठीची ‘ईएक्सई’ फाइल इथे उपयोगाची नाही.

पीडीएफसाठी मात्र काहीच बसवण्याची गरज नसते. फायरफॉक्समध्ये २०१३पासून पीडीएफ वाचण्याची सोय अंगभूतच आहे, आणि सातबाऱ्याचा उतारा किंवा परीक्षेचे प्रवेशपत्र त्यात सरळ उघडते.

तीन तपासण्या, आणि त्यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची

संगणक ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा, हे आधी पाहावे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘यूनेम’, मग एक मोकळी जागा, मग वजाचे चिन्ह आणि त्याला चिकटून ‘एम’ असे रोमन लहान अक्षरांत लिहून एंटर दाबले, की एका ओळीचे उत्तर येते. त्यात शेवटी ६४ हा आकडा असेल, तर चिंता नाही. उत्तर ‘आय६८६’ असे आले, तर आपली लिनक्स ३२ बिटची आहे आणि पुढचा रस्ता अरुंद आहे: फायरफॉक्सची १४४वी आवृत्ती ३२ बिट लिनक्ससाठीची शेवटची ठरली, त्यानंतर फक्त १४० क्रमांकाच्या ईएसआर या दीर्घकालीन आवृत्तीला काही काळ सुरक्षा-दुरुस्त्या देण्याचे मोझिलाने जाहीर केले. अनेकदा प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि केवळ ‘हलके हवे’ म्हणून कोणीतरी ३२ बिटची लिनक्स टाकून दिलेली असते. तसे असेल, तर एक्स्टेन्शनच्या मागे लागण्यापूर्वी ६४ बिटची प्रणाली नव्याने टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी तपासणी ब्राउझरच्या आवृत्तीची. मेनूतल्या ‘हेल्प’मध्ये ‘अबाउट फायरफॉक्स’ उघडले, की आवृत्ती दिसते. ती साधी असेल तर १२८च्या आणि ईएसआर असेल तर ११५.१३च्या खाली असता कामा नये, कारण एक्स्टेन्शनची सत्यता तपासण्यासाठी फायरफॉक्स वापरत असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपली आणि त्याहून जुन्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शन्स बंद पडण्याची वेळ आली. कोणीतरी दिलेल्या जुन्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकली असेल, तर ही शक्यता अगदी जवळची आहे. उपाय सोपा आहे: सिनॅप्टिक (डेबियन प्रकारच्या लिनक्समध्ये सॉफ्टवेअरची पॅकेजे शोधून बसवण्याचे साधन) उघडावे, ‘रीलोड’ दाबून यादी ताजी करावी, ‘मार्क ऑल अपग्रेड्स’ निवडावे आणि ‘अप्लाय’ करावे. हे एकदा, रात्रीच्या वेळी, सावकाश होऊ द्यावे.

तिसरी तपासणी घड्याळाची. मामांच्या डेस्कटॉपवर एकही एक्स्टेन्शन बसत नव्हते, साइट उघडतानाच ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे पान येत होते, आणि दुरुस्तीवाल्याने ‘लिनक्समध्ये हे असेच असते’ म्हणून हात झटकले होते. मी गेलो तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात १ जानेवारी आणि बारा-पंधरा वर्षांपूर्वीचे साल दिसत होते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला होता. मामा रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचे बटण बंद करत, आणि सकाळी संगणक पुन्हा त्याच जुन्या तारखेला जागा होत असे. ब्राउझरच्या लेखी सगळी प्रमाणपत्रे ‘अजून जारीच झालेली नाहीत’ अशी ठरत होती. हा सेल सीआर२०३२ या नावाचा असतो आणि नाशिकमध्ये एम. जी. रोडवरच्या कोणत्याही संगणक-मोबाइलच्या दुकानात मिळतो. जुना सेल सोबत नेला, म्हणजे आकार चुकत नाही. सेल बदलून, तारीख नीट करून पुन्हा ब्राउझर उघडला, तेव्हा जे एक्स्टेन्शन आठवडाभर हटून बसले होते, ते अर्ध्या मिनिटात बसले. अलीकडच्या मोठ्या लिनक्स प्रणाली इंटरनेट मिळताच वेळ आपोआप दुरुस्त करतात. अतिहलक्या प्रणालींत मात्र ही सेवा काढून टाकलेली असू शकते, म्हणून डोळ्यांनी खात्री करून घ्यावी.

फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शन बसवणे

उदाहरण म्हणून जाहिराती रोखणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ घेऊ. कमी रॅमच्या संगणकावर मी बसवतो ते पहिले आणि अनेकदा शेवटचेही एक्स्टेन्शन हेच असते, कारण जाहिराती आणि त्यांच्यामागच्या स्क्रिप्ट उतरल्याच नाहीत, तर पान हलके होते. म्हणजे हे एक्स्टेन्शन स्वतः घेते त्याहून जास्त परत देते.

कंट्रोल, शिफ्ट आणि ए ही तीन बटणे एकत्र दाबावीत. ‘ॲड-ऑन्स मॅनेजर’चे पान उघडेल. वरच्या शोधचौकटीत नाव टाइप करून एंटर दाबले, की मोझिलाच्या अधिकृत ॲड-ऑन साइटवरची यादी नव्या टॅबमध्ये येते. इथे घाई करू नये. मिळत्याजुळत्या नावांची दोन-तीन साधने यादीत असतात आणि नुसते ‘यूब्लॉक’ व ‘यूब्लॉक ओरिजिन’ या दोन वेगळ्या लोकांच्या वेगळ्या वस्तू आहेत. नावाखाली विकसक म्हणून रेमंड हिल हे नाव आणि बाजूला ‘रेकमेंडेड’ हा मोझिलाचा बिल्ला दिसतो, हे पाहूनच पुढे जावे. त्यानंतर ‘ॲड टू फायरफॉक्स’ हे निळे बटण दाबले, की एक छोटी खिडकी उघडते आणि हे साधन काय काय परवानग्या मागत आहे, ते सांगते.

ही खिडकी न वाचता ‘ॲड’ दाबण्याची सवय मोबाइलने आपल्याला लावली आहे. सर्व साइटवरील माहिती वाचण्याची परवानगी जाहिरात रोखणाऱ्या साधनाला लागतेच, कारण पान तपासल्याशिवाय त्यातली जाहिरात ओळखता येत नाही. पण हवामान दाखवणाऱ्या किंवा पानाचा रंग बदलून नुसती शोभा आणणाऱ्या साधनाने हीच परवानगी मागितली, तर बँकेचे पानही ते वाचू शकेल, हे ध्यानात घेऊन ‘कॅन्सल’ दाबावे.

बसवून झाल्यावर उजवीकडे वर कोड्याच्या तुकड्यासारखे चिन्ह दिसते. त्यात नवे साधन सापडते. एखाद्या सरकारी अर्जाच्या पानावर बटण दाबूनही काही होत नसेल, तर यूब्लॉकचे चिन्ह उघडून त्यातले पॉवरचे मोठे बटण दाबावे आणि पान पुन्हा उघडावे. साधन फक्त त्या साइटपुरते बंद होते. नवीन खिडकी उघडून मागणाऱ्या साइटसाठी फायरफॉक्सचे स्वतःचे पॉप-अपचे बंधनही वेगळे असते, आणि ते पानाच्या वरच्या पट्टीतून त्या साइटपुरते सैल करता येते.

डेबियनवर आधारलेल्या प्रणालींत, म्हणजे एमएक्स लिनक्स, अँटिएक्स, क्यू४ओएस यांसारख्यांत, दुसराही एक मार्ग आहे. सिनॅप्टिकमध्ये ‘वेबएक्स्ट’ असे शोधले, की एक्स्टेन्शनची तयार पॅकेजे दिसतात. या मार्गाने बसवलेले यूब्लॉक त्या संगणकावरच्या प्रत्येक वापरकर्त्याला मिळते आणि प्रणालीबरोबरच अद्ययावत होते, म्हणून वाचनालयातल्या किंवा घरातल्या चौघांत फिरणाऱ्या संगणकासाठी तो सोयीचा आहे. एकट्याच्या लॅपटॉपवर मात्र मी मोझिलाच्या साइटवरूनच घेतो, कारण तिथे नवी आवृत्ती लवकर येते. लुबुंटू वापरणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की तिथला फायरफॉक्स ‘स्नॅप’ प्रकारचा, स्वतःच्या बंदिस्त डब्यात चालणारा असतो. त्यामुळे सिनॅप्टिकमधून बसवलेले एक्स्टेन्शन त्याला दिसेलच असे नाही.

व्हिडिओ चालत नसेल तर

शेजाऱ्यांच्या मुलीची अडचण या प्रकारातली होती. व्याख्यानाचा आवाज येई, चित्र मात्र थांबत थांबत पुढे सरके, आणि काही साइटवर काळ्या चौकटीखेरीज काहीच नसे. तिने सल्ला ऐकून तीन वेगवेगळी ‘व्हिडिओ प्लेअर’ एक्स्टेन्शन्स बसवली होती आणि त्यांतले एकही कामाचे नव्हते, कारण उणीव ब्राउझरमध्ये नसून लिनक्समध्ये होती.

लिनक्सवरचा फायरफॉक्स एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ दाखवण्यासाठी प्रणालीतल्या एफएफएमपेगच्या लायब्ररीची मदत घेतो. हलक्या प्रणालींत जागा वाचवण्यासाठी ती कधी कधी वगळलेली असते. सिनॅप्टिकमध्ये ‘एफएफएमपेग’ शोधून, उजव्या बटणाने ‘मार्क फॉर इन्स्टॉलेशन’ निवडून ‘अप्लाय’ करावे, आणि ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. नुसता टॅब बंद करून भागत नाही. काळ्या चौकटी इतक्याने गेल्या. ॲड-ऑन्स मॅनेजरमधल्या ‘प्लगइन्स’ विभागात ‘ओपनएच२६४’ हे सिस्को कंपनीचे मॉड्यूल दिसते, ते मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी असते. त्यापुढे ‘लवकरच बसवले जाईल’ अशा अर्थाची ओळ असेल, तर आपण काही करायचे नसते. इंटरनेट सुरू ठेवून थोडा वेळ थांबायचे असते.

थांबत थांबत चालणाऱ्या चित्राचे कारण वेगळे होते. यूट्यूब ब्राउझरला शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या नव्या पद्धतीचा व्हिडिओ देते. तो डेटा वाचवतो, पण तो उलगडण्याची सोय जुन्या चिपमध्ये नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा मिक्सरसारखा ओरडू लागतो आणि चित्र अडखळते. ‘एच२६४इफाय’ नावाचे एक छोटेसे एक्स्टेन्शन यूट्यूबला जुन्या, उलगडायला सोप्या एच.२६४ पद्धतीचाच व्हिडिओ मागायला लावते. ते बसवून व्हिडिओची प्रत ४८०वर ठेवली आणि त्या २ जीबीच्या लॅपटॉपवर तासाभराचे व्याख्यान न अडखळता चालले. आधीची तिन्ही ‘प्लेअर’ एक्स्टेन्शन्स काढून टाकली, हे सांगायला नकोच.

चित्रपटांच्या सशुल्क सेवेसाठी वाइडव्हाइन हे मॉड्यूल लागते. फायरफॉक्सच्या ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ विभागात खाली ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ ही चौकट असते. तीत खूण केली, की मॉड्यूल आपोआप उतरते. कोणत्याही तिसऱ्या साइटवरून ते घेऊ नये.

मराठीसाठी एक्स्टेन्शन नको

मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील, तर तो फॉन्टचा प्रश्न आहे, ब्राउझरचा नव्हे. डेबियन प्रकारात ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’ हे पॅकेज बसवले, की चौकोन जातात. टाइप करण्यासाठीही ब्राउझरमधले एक्स्टेन्शन घेऊ नये, कारण ते ब्राउझरपुरतेच चालते आणि रॅम मात्र खात बसते. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भारतीय भाषांच्या यादीत मराठीसाठी कागपा नावाचा उच्चारानुसारी आराखडा असतो. तो जोडला की पत्र, फाइलचे नाव आणि शोधचौकट या सगळ्यांत मराठी लिहिता येते.

इतर ब्राउझर

क्रोमियममध्ये एक्स्टेन्शन्स क्रोमच्या वेब स्टोअरमधून बसतात आणि रीत जवळपास तीच आहे. पण तिथे एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे मूळ यूब्लॉक ओरिजिन आता चालत नाही, त्याची ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी लागते. आणि बहुतेक लिनक्स प्रणालींसोबत येणाऱ्या क्रोमियममध्ये वाइडव्हाइन नसते. डिलो, नेटसर्फ हे ब्राउझर अत्यंत हलके असले, तरी त्यांत फायरफॉक्सची एक्स्टेन्शन्स बसतच नाहीत, त्यामुळे शोधण्यात वेळ घालवू नये. फाल्कनमध्ये जाहिराती रोखण्याची सोय आधीपासूनच असते.

किती बसवावीत, ते मोजून ठरवावे

शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले, की फायरफॉक्समध्ये चालू प्रक्रियांचे पान उघडते. त्यात ‘एक्स्टेन्शन्स’ नावाची एक ओळ असते आणि तिच्यापुढे व्यापलेली मेमरी लिहिलेली असते. नवे साधन बसवण्यापूर्वी आणि बसवल्यानंतर, दहा मिनिटे नेहमीचे काम करून, हा आकडा पाहावा. २ जीबी रॅममध्ये लिनक्सचा डेस्कटॉप, ब्राउझर आणि तीन-चार टॅब एवढ्यांनाच जागा पुरवताना मारामार होते. तिथे दोन एक्स्टेन्शन्स ही मी घालून घेतलेली मर्यादा आहे आणि तिसरे बसवायचे, तर आधीचे एक काढतो. ४ जीबी असतील, तर थोडे सैल वागता येते.

इथे एक खड्डा आहे, ज्यात मी स्वतः पडलो. नव्या लॅपटॉपवर फायरफॉक्सचे खाते उघडून मी सगळे सिंक करत होतो. जुन्या लॅपटॉपवर त्याच खात्याने प्रवेश केला आणि पासवर्डांबरोबर दहा एक्स्टेन्शन्सही मागोमाग येऊन बसली. संगणक इतका मंदावला, की माउसचा बाण हलायला वेळ लागे. सिंकच्या सेटिंगमध्ये ‘ॲड-ऑन्स’समोरची खूण काढून टाकली, म्हणजे बुकमार्क येतात आणि ही वरात येत नाही.

काही बिघडल्यास ‘हेल्प’ मेनूतल्या ‘ट्रबलशूट मोड’ने ब्राउझर उघडावा, त्यात सगळी एक्स्टेन्शन्स तात्पुरती बाजूला ठेवली जातात. तिथे साइट नीट चालली, तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा. तिथेही न चालली, तर कोडेक, घड्याळ किंवा इंटरनेट पाहावे. दोषी साधन ओळखण्यासाठी ॲड-ऑन्स मॅनेजरमध्ये ती एकेक करून बंद करावीत, आणि नको असलेले नुसते बंद न ठेवता तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘रिमूव्ह’ करावे.

पपी लिनक्ससारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच चालवणाऱ्यांना एक वेगळाच अनुभव येतो: संध्याकाळी बसवलेले एक्स्टेन्शन सकाळी नाहीसे होते. ते कोणी काढलेले नसते. पेन ड्राइव्हवरून चालणारी प्रणाली रॅममध्ये काम करते आणि बंद होताना सगळे पुसले जाते. पपी पहिल्यांदा बंद करताना सत्र जतन करायचे का, असे विचारते. त्या प्रश्नाला होकार देऊन पेन ड्राइव्हवर सेव्हफाइल करून ठेवली, तर एक्स्टेन्शन, बुकमार्क आणि वाय-फायचा पासवर्ड हे सगळे पुढच्या वेळी जागच्या जागी मिळते. अँटिएक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवर हीच सोय ‘पर्सिस्टन्स’ या नावाने आहे आणि ती सुरू केल्यानंतरच एक्स्टेन्शन्स बसवायला घ्यावीत.